गावठी फुटवा

फाल्गुन लागला की आमच्या रोपवाटिकेत आधी माती येते. बारामतीहून इंदापूरकडं निघालं आणि कालव्यावरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला एक निळं लोखंडी फाटक लागतं. त्यातून ट्रॉली उलटी आत येते आणि तांबड्या मातीचा ढीग ओतून जाते. मागोमाग शेणखत येतं, वाळू येते. बायका गोल करून बसतात आणि काळ्या पिशव्या भरायला लागतात. दोन मुठी माती, पिशवी जमिनीवर दोनदा आपटायची, पुन्हा एक मूठ. दिवसभर तो धप्-धप् आवाज चालू असतो. लोकांना वाटतं, रोपवाटिकेचा हंगाम पावसात असतो, कारण ते रोपं न्यायला तेव्हा येतात. पण जे काही व्हायचं ते या दिवसांत होऊन गेलेलं असतं. पावसात ते फक्त फाटकाबाहेर पडतं.

याच दिवसांत बारामतीतल्या बायका मोगऱ्यासाठी येतात. कुंडीतल्या कळ्या मोजून रोप निवडतात आणि घरी नेल्यावर कळ्या गळतात म्हणून आठ दिवसांनी तक्रार घेऊन परत येतात. कडुनिंबाला बारीक फूल आलेलं असतं. उसाचे शेवटचे ट्रॅक्टर कारखान्याकडं जातात आणि रस्त्याच्या कडेला वाळकी पानं उडत राहतात. गेल्या काही वर्षांत रोजेही सरकत सरकत याच दिवसांत आलेत. हातात दिवसभर पाण्याची झारी असते आणि तोंडात थेंब नसतो. चार वाजता ओल्या मातीच्या वासानंच तहान भडकते.

हे सगळं मला आवडतं. फक्त आंब्याच्या मांडवात एकटीनं जायला नको वाटतं, आणि माझं काम तर तिथंच असतं.

मी इंदापूरला राहते. नवऱ्याचं हायवेलगत टायरचं दुकान आहे. फाल्गुनात मात्र आठवड्यातले तीन दिवस मी सकाळच्या एसटीनं माहेरी येते. रोपवाटिका माझा धाकटा भाऊ सलीम बघतो. उसाची रोपं, मिरचीचे ट्रे, गिऱ्हाईक, सगळं त्याच्याकडं. आंब्याची कलमं माझ्याकडं. आधी ती अब्बांकडं होती.

मांडव म्हणजे हिरव्या जाळीचं छप्पर आणि चारी बाजूंना तीच जाळी. आत भर दुपारीही उजेड हिरवट असतो, तळ्याच्या तळाशी असावा तसा. पिशव्यांच्या रांगा, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि टोकाला अब्बांचा पाट. वारा आला की जाळी आत ओढली जाते आणि पुन्हा सुटते, कुणी झोपेत श्वास घ्यावा तशी. पाटावर बसून मी काडी तासत असते आणि मागच्या रांगेत कुणीतरी वाकलंय असं वाटत राहतं. वळून बघत नाही. बघितलं तर तिथं कुणी नसणार, हे मला माहीत आहे. म्हणूनच बघत नाही.

कलम म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावठी आंब्याची कोय लावून वर्षभर वाढवलेलं रोप असतं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. त्याचा शेंडा छाटायचा, खाच घ्यायची आणि केशर जातीच्या आंब्याची बोटभर काडी त्या खाचेत बसवून पट्टीनं आवळायची. महिनाभरात काडीला पालवी आली की कलम जगलं. पण कधी काडी वाळून जाते आणि खालच्या खुंटालाच फुटवा येतो. तोही तांबूस, तोही कोवळा. वरवर बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. तो गावठी फुटवा वेळेवर ओळखायचा आणि ती पिशवी बाजूला काढायची. ते राहिलं, तर केशर म्हणून गावठी झाड फाटकाबाहेर जातं. आणि ते कळतं चार-पाच वर्षांनी, फळ धरल्यावर.

अब्बांच्या हातून असं कधी गेलं नव्हतं. करीमचाचांची कलमं म्हणून लोक लांबून यायचे. पिशवी उचलून बघायचेसुद्धा नाहीत. अब्बा देतील ती घेऊन जायचे.

माझी सना अकरा वर्षांची झाली. ती जन्मली त्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते. दिवस हेच होते. अम्मी सकाळी बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची आणि मग मी तिला दुपट्यात गुंडाळून मांडवात जाऊन बसायचे, कारण घराच्या पत्र्याखाली उकडायचं. अब्बा पाटावर कलमं बांधत असायचे. आम्ही फारसं बोलायचो नाही. चाकूचा आवाज, ठिबकचं पाणी, मधूनच बाळाचं कुरकुरणं.

एके दिवशी त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "दे जरा तिला माझ्याकडं."

मी सनाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ती जागी होती. टक लावून त्यांच्या दाढीकडं बघत होती. अब्बाही तिच्याकडं वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "झोपली का गं?"

बाळाचे डोळे सताड उघडे होते आणि त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होते.

"अब्बा, तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी मान वर केली नाही. "सावली दिसते. उन्हात बरं दिसतं. हितं मांडवात जरा कमी." मग सनाचं दुपटं सारखं करत, "मोतीबिंदू हाय. दोन्हीकडं. डॉक्टरला दाखवलंय मी, पुण्याला गेल्तो तवा."

"मग ऑपरेशन?"

"करायचं की. हंगाम झाला की करायचं."

"सलीमला माहीत आहे?"

तेव्हा त्यांनी माझा हात धरला. अब्बा असे हात धरणारे नव्हते. "त्याला सांगू नको. त्याला हितं उसाच्या रोपांचे ट्रे लावायचेत. मला दिसत न्हाय म्हणलं की दुसऱ्या दिवशी मांडव उठवील. वाईट न्हाय तो, पर उठवील. एवढा एक फाल्गुन जाऊ दे. उन्हाळ्यात डोळे नीट करून घेतो, मग कुणाला सांगायचीच गरज न्हाय."

मी कबूल झाले. त्यांना दिसत नव्हतं तरी मी मान हलवली, आणि मग तोंडानं हो म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की लाज वाटते, कारण ते फार सुखाचे होते. मी अब्बांचे डोळे झाले. सनाला बाजूच्या टोपलीत झोपवायचे आणि त्यांच्या शेजारी बसून काड्या निवडायचे. कुठली काडी पिकली, कुठली अजून कोवळी, कुठल्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, फूल दडलंय. त्यांनी बोटांनी चाचपून सांगायचं आणि मी डोळ्यांनी ताडून बघायचं. त्यांची बोटं क्वचित चुकायची. खाच कशी घ्यायची, पट्टी खालून वर का गुंडाळायची, हे त्यांनी मला त्याच दिवसांत शिकवलं. सलीम लहानपणापासून त्यांच्या हाताखाली होता, पण त्याला त्यांनी असं मांडीला मांडी लावून कधी शिकवलं नव्हतं. बाहेर पिशव्यांची धप्-धप् चालू असायची. सलीम कधी डोकावून जायचा. "काय, बापलेकीचं काय चाललंय?" म्हणायचा आणि हसून निघून जायचा. आम्ही दोघंही हसायचो. गुपित सांभाळण्यातही एक गोडी असते, ती मी तेव्हा भरपूर चाखली.

चाळीस दिवस झाले आणि मला इंदापूरला परत न्यायचं ठरलं.

मला नेमकं माहीत होतं की खरं काम आता सुरू होणार. बांधणं बोटांनी जमतं. फुटवा केशरचा की गावठी हे ओळखायला मात्र नजर लागते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत प्रत्येक पिशवीपुढं वाकून बघायला हवं होतं, आणि बघणारी मी तर चालले होते. निघताना अब्बा फाटकापर्यंत आले. माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाले, "जा बेटा. मी बघतो सगळं."

सलीमच मला पिकअपमधून सोडायला आला. तासा-सव्वा तासाचा रस्ता. शेजारी तो आणि मांडीवर सना. वाटेत त्यानं एका रसवंतीपाशी गाडी थांबवली. आम्ही दोघांनी रस प्यायला. तो उसाच्या रोपांबद्दल बोलत होता. मांडवाची जागा मिळाली तर काय काय करता येईल ते सांगत होता आणि वर म्हणत होता, "पण अब्बा हायत तोवर मी त्या मांडवाला हात लावायचो न्हाय." तेव्हा मी सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. तो इतका सरळ बोलत होता की मी सांगितलं असतं, तर त्यानं मुकाट्यानं स्वतः बसून पिशव्या तपासल्या असत्या. मी ग्लास खाली ठेवला आणि सनाचं तोंड पुसलं.

त्या रसवंतीवरून मी अजूनही एसटीनं जाते. फाल्गुनात ती उघडलेली असते. बैल नाही, आता मोटार आहे, पण चरकाला घुंगरं बांधलेली आहेत. एसटी पुढं निघून गेली तरी ती मागून बराच वेळ ऐकू येतात.

पावसाळ्याच्या तोंडावर कलमं विकली गेली. पाऊस धरला तेव्हा अब्बांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, महिन्यानं दुसऱ्याचं. मोतीबिंदू म्हातारपणी होतोच, घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी ते घरी आले आणि आधी मांडवात गेले. उरलेल्या पिशव्या तिथं होत्या. त्यांतल्या किती फसलेल्या होत्या ते मला माहीत नाही. अम्मी म्हणाली, जेवायला हाक मारली तरी ते तास-दीड तास बाहेर आले नाहीत.

आठवड्याभरानं ते मोटरसायकल घेऊन इंदापूरला माझ्या घरी आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी सनाला पहिल्यांदा नीट पाहिलं. तिच्या भुवया अम्मीसारख्या आहेत म्हणाले. चहा झाल्यावर म्हणाले, "बरीच गावठी गेली गं आपल्याकडनं."

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या वर्षी अब्बा गावोगाव फिरले. कुणाकुणाला रोपं दिली ते त्यांना आठवत होतं. बहुतेक जुनी गिऱ्हाइकं. मागच्या सीटला चांगली कलमं बांधून न्यायचे. शेतात शिरायचे, एकेका रोपाचा सांधा वाकून बघायचे आणि गावठी दिसलं की उपटून तिथं दुसरं लावायचे. लोकांना सांगायचे की रोप कमजोर दिसतंय, बदलून देतो. लोकांना कौतुक वाटायचं. सलीमलाही वाटायचं की डोळे आल्यावर अब्बांना फिरायची हौस आलीय. मला तेवढं खरं माहीत होतं, आणि मी तेही कुणाला सांगितलं नाही.

एक माणूस मात्र राहिला. सुप्याकडचा कुणी होता. ऐंशी रोपं एकदम घेऊन गेला होता, टेम्पो भरून. नवं गिऱ्हाईक. अब्बांनी त्याचा चेहरा पाहिलाच नव्हता, कारण तेव्हा त्यांना चेहरे दिसत नव्हते. पटक्याचा लाल रंग तेवढा आठवत होता. आणि अंगाला मेंढरांचा वास होता म्हणायचे, आणि आवाज. "आवाज खर्जातला. बोलताना मधीच थांबतो, कुणाला तरी हाक मारायची असल्यावानी." सुप्याच्या बाजाराच्या दिवशी ते तिथं जायचे आणि चहाच्या टपरीवर नुसते ऐकत बसायचे. तो आवाज परत कानावर पडावा म्हणून.

"सापडला का?" मी दर वेळी फोनवर विचारायचे.

"न्हाय अजून," ते म्हणायचे.

नंतर मी विचारायचं सोडलं. सना तीन वर्षांची व्हायच्या आत अब्बा गेले. हिवाळ्यातली सकाळ होती. मांडवाचं दार उघडायला वाकले आणि तिथंच बसले. मांडव सलीमनं उठवला नाही. त्यानं फाटकावर अब्बांच्या नावाचा मोठा फलक लावला आणि मला म्हणाला, "कलमं तू बांध. त्यांचा हात तुझ्यात आलाय." मी तेव्हापासून दर फाल्गुनात येते.

तो माणूस आला तेव्हा सना बालवाडीत होती. चैत्राचे दिवस होते. मी मांडवात होते. बाहेर सलीमशी कुणीतरी बोलत होतं. खर्जातला आवाज. बोलताना मध्येच थांबणारा. मी चाकू खाली ठेवला. तो आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला.

बाहेर आले तर एक उंच म्हातारा उभा होता. लाल पटका, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. त्यानं पिशवीतून चार-पाच कैऱ्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. बारक्या, गोल, हिरव्यागार. केशरची कैरी लांबट असते आणि तिला एक बाक असतो. या गावठी होत्या, हे सनालाही कळलं असतं.

"चाचास्नी बोलवा जरा," तो म्हणत होता. "मी बिरू. सुप्याच्या अलीकडं माळावर वस्ती हाय आमची. चाचास्नी दावायचं हुतं, ह्ये काय झालंय."

"अब्बा वारले," सलीम म्हणाला. "सव्वा वर्ष होऊन गेलं."

म्हाताऱ्यानं पटका काढून हातात घेतला. मग म्हणाला, "मंग आता कुणास इचारायचं?"

"आबा, ह्या कैऱ्या आमच्या रोपांच्या न्हाईत," सलीमनं शांतपणे सांगितलं. तो उद्धटपणे बोलत नव्हता, त्याची तशी खात्रीच होती. "माझ्या वडिलांच्या हातनं असलं रोप कधी गेलं न्हाय. तुमी दुसरीकडनं आणली असतील थोडी, मिसळली असतील."

"दुसरीकडनं कशी आणू? ऐंशीच्या ऐंशी हितनं नेली."

"मग गुरांनी शेंडा खाल्ला असंल. खालनं फुटवा आला असंल."

"गुरं हायत कुठं? मेंढरं इकून तर ही झाडं लावली."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. सलीमच्या मागं फाटकावर अब्बांचं नाव होतं. माझ्या मनात आलं, आणखी दोन वाक्यं झाली की हा माणूस निघून जाईल. तो भांडणारा दिसत नव्हता. तो गेला की पुन्हा कधी येणार नाही, आणि सगळं जसं आहे तसं राहील. एवढं मनात येईपर्यंत त्यानं कैऱ्या पिशवीत भरायला सुरुवात केली होती.

"आबा, रोपं आमचीच आहेत," मी म्हणाले. "त्या वर्षी अब्बांना दिसत नव्हतं. मला माहीत होतं."

सलीम माझ्याकडं वळला. मी त्याच्याकडं न बघता सगळं सांगितलं. मोतीबिंदू, मांडव, चाळीस दिवस, पिकअपमधला तो रस्ता. पाच मिनिटांत सांगून झालं. इतकी वर्षं जे सांभाळलं, ते सांगायला पाचच मिनिटं पुरली.

म्हातारा गेल्यावर सलीम म्हणाला, "तू अब्बाला मेल्यावर आंधळं केलंस." आणि ट्रेला पाणी द्यायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सुप्याकडं गेले. माळ उघडा आहे तिकडं. लांबवर खुरटी झुडपं, कुठं ज्वारीची काढून झालेली रानं, मध्ये एखादं शेततळं निळा कागद चमकवत पडलेलं. बिरूआबांची वस्ती तशाच एका तळ्याच्या कडेला होती. तीन पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं घर. पावसाळ्यात इकडं, दिवाळीनंतर कोकणाकडं. मुलांना फिरायचं नव्हतं म्हणून आबांनी कळप विकला, तळं खोदलं आणि ऐंशी आंबे लावले. ते मला एकेका झाडापाशी घेऊन गेले. झाडं देखणी होती. काळपट हिरव्या पानांची, अंगानं भरलेली. गावठी झाड जोमानं वाढतं. मी सांधे बघत गेले. अर्ध्याहून जास्त गावठी होती.

सुनेनं चहा आणला. आबा म्हणाले, "चाचा आल्ते की हितं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तीन येळा आल्ते. पयल्यांदा बाजारातनं माज्या मागंमागं आले. म्हणले, रोपं कशी हायत बघू. मी सगळं दावलं. मेंढरं इकल्याचं सांगितलं. आमच्या म्हातारीनं त्येंच्या पाया पडून सांगितलं, तुमच्यामुळं आमचं पाय एका जागी लागलं. मंग ते गप झाले. झाडांवरनं हात फिरवीत हिंडले आन गेले. दुसऱ्या येळंला बी तसंच. तिसऱ्या येळंला बसले बराच वेळ. डोळं पुसत हुते. मी इचारलं, चाचा, डोळ्यास्नी काय होतंय? तर म्हणले, न्हाय, आता चांगलं दिसतंय."

फोनवर ते म्हणायचे, न्हाय अजून. मी ऐकून घ्यायचे. एखाददुसरं रोप कमजोर म्हणून बदलता येतं, अर्धी बाग नाही.

"तुम्हाला काही शंका आली नाही, आबा?"

"आली की." ते मध्येच थांबले, कुणाला हाक मारायची असावी तसे. मग म्हणाले, "माणूस एवढ्या लांबनं तीन येळा येतो आन झाडापुढं डोळं पुसतो. काय तरी बिनसलंय ह्ये मला कळ्ळं हुतं. पर ते बोलत न्हाईत तर मी कसं बोलू? पाव्हणा म्हातारा माणूस. वाटलं, चौथ्या येळंला बोलतील."

मी माफी मागितली. त्यांनी ती नाकारली नाही आणि मान्यही केली नाही. म्हणाले, "तुमी आल्या ते बरं केलं. पर चार वरसं गेली, बाई. ती काय परत बांधता येत न्हाईत."

ते रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

मोठ्या झाडावरही पुन्हा कलम बांधता येतं. पुढच्या माघात आम्ही ती झाडं कमरेएवढी छाटली. भरलेली, मोहोर धरलेली झाडं. करवत चालताना आबांची म्हातारी घरात जाऊन बसली. खोडांना नवे फुटवे आले आणि त्यांवर मी केशरच्या काड्या बांधल्या. पहिल्या वर्षी काही जगल्या, काही वाळल्या. पुढच्या फाल्गुनात पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या फाल्गुनात पुन्हा. प्रत्येक झाडाचा सांधा बघताना मला वाटायचं, अब्बाही इथंच वाकले असतील, याच उंचीवर हात फिरवला असेल. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे. ते ओठांवर आल्यावर कसं परत आत जातं, तेही ठाऊक आहे. आम्हा दोघांच्यात तेवढं सारखं होतं. बाकी त्यांचा हात माझ्यात आला की नाही, कुणास ठाऊक.

सलीम माझ्याशी सहा-सात महिने कामापुरतंच बोलला. नंतर हळूहळू बोलायला लागला. सुप्याला मात्र तो कधी आला नाही. कलमकाड्या तोडून ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवायचा, पण गाडी चालवायला दुसऱ्याला पाठवायचा.

गेली दोन वर्षं त्या झाडांना केशर लागतोय. आबा थकलेत. आता काठीनं चालतात.

या फाल्गुनात सुनेचा फोन आला, काही कलमांना पुन्हा खालून फुटवे आलेत म्हणून. मी निघाले तर सलीम गाडीत बसलेला. "चल," एवढंच म्हणाला. रोजा होता. वाटेत कुठं थांबायचं कारण नव्हतं. बारामती मागं पडल्यावर माळ सुरू झाला आणि त्यानं काच खाली केली.

शेतात तो आबांना भेटला, वाकून नमस्कार केला. मग कोयता घेऊन माझ्याबरोबर रांगेनं गावठी फुटवे मोडत गेला. दीड-दोन तास आम्ही काम केलं. ऊन चढलं तसा तो घाम पुसत बांधाकडच्या एका झाडाखाली जाऊन बसला. ते झाड बाकीच्यांपेक्षा बरंच मोठं होतं, मोहोरानं लदलेलं. तेही गावठीच, पण आम्ही ते कधी छाटलंच नव्हतं. आबांनीच छाटू दिलं नव्हतं.

आबा काठी टेकत त्याच्याजवळ गेले.

"तितं चाचा बसले हुते," ते म्हणाले.

सलीमनं वर बघितलं. मला वाटलं तो उठेल. तो उठला नाही. त्यानं कोयता बाजूला ठेवला, खोडाला टेकलेली पाठ सोडवली आणि थोडा सरकून बसला. शेजारी एक माणूस बसेल एवढा.